सातच्या पुढचे अंक

१

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारी उगाच आरडाओरडा करत होती. दिल्लीतल्या शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं. दहावीच्या पोरांना गणित शिकवायचं आणि डोकं थंड ठेवायचं, हे ज्याला जमतं त्याने मला येऊन भेटावं. आमचे दीनानाथ म्हणायचे, "वीणा, तू देवळात गेलीस तरी पुजाऱ्याला आधी पाढे विचारशील." ते गेले, आणि मी द्वारकेतल्या ह्या चौथ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहिले. हट्टाने राहिले.

मास्तरकीची आणखी एक खोड आहे. बरोबर उत्तर दिसलं की माझा हात आपोआप टिक करतो. पेपरातलं शब्दकोडं असो नाहीतर धोब्याची बेरीज. एकदा सुनेने, निधीने, फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरही मी लाल पेनाने बरोबरची खूण केली होती. ती अजून त्यावरून मला चिडवते.

मुलगा अंशुमन गाझियाबादला असतो. थंडीत एकदा मी दूध गॅसवर ठेवलं आणि बाल्कनीत उन्हाला बसले. भांडं जळलं, धूर झाला, शेजाऱ्यांनी त्याला फोन केला. कपाळ माझं! तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "आई, अजून एकदा असं काही झालं ना, तर तू इकडे शिफ्ट होणार आणि ते घर भाड्याने जाणार. प्रॉमिस कर." मी केलं. दातओठ खाऊन केलं, पण केलं. तेव्हा पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात ठेवा. मला तक्रार करायचीसुद्धा सोय नव्हती.

२

आमच्या सोसायटीत कोणी आलं की गेटवरचा गार्ड त्याच्या मशीनवर नाव घालतो आणि आपल्या फोनवर सोसायटीचं ॲप वाजतं. माणसाचा फोटो, नाव, तो कुठे उभा आहे ते, आणि खाली दोन बटणं. हिरवी बरोबरची खूण दाबली की माणूस आत, लाल फुली दाबली की परत. दिवसातून दहादा वाजतं ते मेलं. कुरियर, भाजीवाला, शेजारच्यांचा पिझ्झा चुकून माझ्याकडे.

फेब्रुवारीतली दुपार होती. मी कपडे वाळत घालत होते, डोक्यावरून विमान उतरत होतं, आणि फोन वाजला. फोटोच्या जागी राखाडी चौकोन. नावाच्या जागी ७. जागा: मेन गेट.

सात म्हणजे काय? कोणाचं नाव सात असतं का? मी लाल फुली दाबली आणि गेटवर इंटरकॉम लावला. सतबीर नावाचा गार्ड आहे, वर्षानुवर्षं ओळखतो मला.

"मैडम, मैंने तो कोई एंट्री नहीं डाली. गेट पे कोई है ही नहीं."

"मग आपोआप आली का?"

"नेटवर्क का चक्कर होगा, मैडम."

आमच्या सोसायटीत पाणी गेलं तरी नेटवर्कचा चक्कर असतो. मी फोन ठेवला.

३

दोन दिवसांनी पुन्हा वाजला. ह्या वेळी ७३. जागा: पार्किंग.

आता हे काय नवीन? पार्किंग असं त्या ॲपमध्ये कधी येतच नाही. नोंद गेटवर होते, बाकी कुठे नाही. मी फुली दाबली आणि ॲपवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, असं एक बाई मला किती वेळ सांगत राहिली देव जाणे, आणि मग फोन कट. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले, तर तो म्हणतो, "आंटी, फोन रीस्टार्ट कीजिए." मी त्याला सुनावलं. त्याच्या कार्यालयात पंखा फिरत नव्हता, त्यावरूनही सुनावलं.

संध्याकाळी अंशुमनचा फोन आला.

"आई, तू सेक्रेटरीशी भांडलीस? त्याने मला मेसेज केलाय."

"भांडले नाही. विचारलं."

"अरे यार आई, तू म्हणे सांगत होतीस की पार्किंगमध्ये त्र्याहत्तर नावाचा माणूस उभा आहे."

असं मी म्हटलंच नव्हतं. पण जे म्हटलं होतं ते त्याला पुन्हा सांगितलं असतं, तर तेही असंच ऐकू आलं असतं. मी म्हटलं, "गंमत केली रे त्याची." स्वतःच्या घरात स्वतःच्या पोराशी खोटं बोलायची पाळी आली. असा संताप झाला की त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग आला ७३९. जागा: टॉवर सी, लॉबी. म्हणजे माझ्याच टॉवरचा तळमजला. मी तशीच गाऊनवर खाली गेले. लॉबीत दोन कुंड्या, एक मोडकी खुर्ची, सफाईवालीची ओली बादली. चिटपाखरू नाही.

४

वर येताना लिफ्टमध्ये डोक्यात प्रकाश पडला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सात ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशाने भाग जात नाही. त्र्याहत्तरही मूळ. सातशे एकोणचाळीस? पाहिलं भागून. तीही मूळ. म्हणजे शेवटी एकेक अंक वाढतोय आणि दर वेळी मूळ संख्याच होतेय. नेटवर्कला एवढी अक्कल नसते. कोणीतरी टवाळ पोरगा आहे, आणि निदान त्याचं गणित तरी चांगलं आहे.

मग पुढचा अंक कोणता? सम अंक किंवा पाच लावला की संपलंच. एक लावला तर एकोणीसने भाग जातो, सात लावला तर तेराने, नऊला सातने. उरला फक्त तीन. तीनच येऊ शकतो. त्याच्या पुढे त्याच हिशेबाने फक्त नऊ.

तीन आला. ७३९३. जागा: लिफ्ट.

दुपारची चहाची वेळ होती. आमची लिफ्ट जुनी आहे, येताना कण्हते. ती खालून निघालेली ऐकू आली. मी कप हातात धरून ऐकत होते. पहिला, दुसरा, आणि मग थांबली. दार उघडल्याचा आवाज, बंद झाल्याचा आवाज, आणि पुढे काही नाही. तेवढ्यात विमान आलं आणि काचा थरथरल्या. कोणीतरी दुसऱ्या मजल्यावर उतरलं असेल, लोक राहतात तिथे. मी फुली दाबली. बोट जरा जास्तच जोरात दाबलं.

त्यानंतर नऊ. ७३९३९. जागा: जिना, तिसरा मजला.

मी दार उघडून जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकले. वळणावर दिवा नेहमीसारखा गेलेला. "कौन है?" असं ओरडले. "काय हवंय तुला? काम असेल तर वर ये, नाहीतर चालता हो!" माझाच आवाज खाली जाऊन परत आला. समोरच्यांनी दार किलकिलं केलं, मला पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. आता हेही अंशुमनपर्यंत जाणार.

५

खरी मेख इथून पुढे होती. ७३९३९ ला एक, तीन, सात आणि नऊ, चारही अंक चालतात. चार वाटा. मी कॅल्क्युलेटर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले, ते दोन दिवस उठले नाही म्हणा ना. सात आला, तर ७३९३९७. त्याच्या पुढे कुठलाही अंक लावा, भाग जातोच. नऊ आला तरी तीच गत. म्हणजे सात किंवा नऊ आला की खेळ खलास. तीन आला, तर आणखी एक अंक आणि मग खलास. एक आला, तर मात्र वाट सगळ्यात लांब. ७३९३९१, मग ७३९३९१३, मग ७३९३९१३३. आणि ही शेवटची संख्या झाली की संपलं. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. त्याच्यापुढे कुठलाच अंक लागत नाही. भिंत.

मोठ्या संख्या माझ्याच्याने होईनात, म्हणून अंशुमनला फोन केला. दुसरं कोण होतं?

"एक संख्या सांगते. मूळ आहे का बघ."

"मूळ म्हणजे?"

"अरे प्राइम रे! आईने जन्मभर गणित शिकवलं आणि पोराला मूळ संख्या माहीत नाही."

त्याने कॉम्प्युटरवर घातली. "हो, प्राइम आहे. शेवटचा अंक काढला तरी प्राइम. अजून एक काढला तरी. अच्छा, मस्त आहे ही! कुठे मिळाली?"

"कोड्यात."

मग अगदी मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसा म्हणाला, "आई, रविवारी येतो मी. आपण जरा बोलू."

मी देवापुढे कधी काही मागत नाही, मला भीड वाटते. त्या संध्याकाळी निरांजन लावलं आणि मागितलं. सात येऊ दे. नाहीतर नऊ. जिन्यातच संपू दे.

६

एक आला.

जागा: चौथा मजला. मी फुली दाबली. बाहेर कोणीतरी चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्यासारखा आवाज झाला, एक आणि मग दुसरी. पाहुणे करतात तसा. मी दार उघडलं. चपला नव्हत्या. माझं पायपुसणं मात्र सरळ केलेलं होतं. ते कायम तिरकं असतं आणि मला कायम राग येतो. सफाईवालीने केलं असेल. आमची सफाईवाली, आणि पायपुसणं सरळ करेल!

पुढच्या सकाळी तीन. ७३९३९१३. जागा: दार.

मी दारापाशी गेले. उघडायचं धाडस होईना, म्हणून भिंगातून पाहिलं. बाहेरचा पॅसेज दिसायला हवा होता, समोरच्यांचं दार, त्यावरचा गणपती. तिथे दिसला माझाच हॉल. लहानसा, लांबचा. सोफा, दीनानाथांचा फोटो, टेबलावर माझा कॅल्क्युलेटर. पाठमोरी मी कुठेच नव्हते. मी डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. समोरच्यांचं दार, गणपती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे माझं. उजेड मागून आला की भिंगात प्रतिबिंब पडत असेल. असं होत असणार. मी स्वतःला हे नीट समजावून सांगितलं. वर्गात पोरगा असं काही बोलला असता, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

७

आता फक्त एक अंक राहिला होता, आणि तो मला माहीत होता. तीन. एक किंवा सात लावला तर तीनने भाग जातो, नऊ लावला तरी मोडतो. माझं ठरलं होतं. तीन येईल, मी फुली दाबेन, आणि पुढे संख्याच नाही. गणिताच्या पुढे कोणाचं चालत नाही. रविवारी अंशुमन येईल तेव्हा मी शांतपणे चहा करीन, आणि हे घर माझंच राहील.

दूध गॅसवर ठेवलं होतं. मी समोरच उभी होते, एकदा जळलं तेवढं पुरे. फोन वाजला. राखाडी चौकोन. नावाच्या जागी ७३९३९१३३. जागेच्या जागी काहीच नाही.

मी आधी शेवटचा अंक पाहिला. तीन! बरोबर! एवढे दिवस सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, आणि माझं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आलं होतं.

आणि माझ्या बोटाने टिक केली.

हिरवी. जन्मभर केली तशी. केल्यावर कळलं.

"आपका मेहमान अंदर आ चुका है," असं पडद्यावर आलं. मी फोन हातात धरून हॉलमध्ये येऊन उभी राहिले. घंटी वाजली नाही. दार उघडलं नाही. फ्रीज गुणगुणत होता. बाथरूम, बेडरूम, कपाटामागे, बाल्कनीत, सगळीकडे पाहिलं. कोणी नाही. मग दूध आठवलं आणि धावले. भांडं काठोकाठ आलेलं, आणि खाली गॅस बंद. वरती ताटलीसुद्धा झाकलेली.

मीच केला असेल बंद. केला असेलच. घाबरल्यावर माणूस करतो आणि विसरतो. पण घरात थांबवेना. पिशवी घेतली आणि कोथिंबीर आणायच्या निमित्ताने खाली उतरले.

८

परत आले तर सतबीरने हात आडवा केला.

"मैडम, किस फ्लैट में जाना है?"

"सतबीर, डोक्याला ताप देऊ नकोस. बाजूला हो."

"एंट्री तो करनी पड़ेगी, मैडम." त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती, ओळखही नव्हती. त्याने मशीनवर माझं नाव घातलं. वीणा असं त्याने टाइप करताना मी पाहिलं. पडद्यावर उमटला ७. लगेच खाली लाल फुली आली.

"ऊपर से मना कर दिया."

"कोणी? किसने?"

"वीणा मैडम ने. घर पे ही हैं."

मी मान वर केली. चौथ्या मजल्यावर, माझ्या बाल्कनीत, माझा तपकिरी स्वेटर घालून कोणीतरी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होतं. चादरीचं टोक हनुवटीखाली धरून घडी घातली, मी घालते तशीच. खाली बघितलं नाही. आत गेली आणि जाळीचं दार लावून घेतलं.

मी अंशुमनला फोन लावला.

"आई? अगं, आत्ताच तर लँडलाइनवर बोललो आपण!"

"मी नव्हते ती! अंशू, ऐक—"

"यार आई, आज किती छान बोललीस तू. एकदाही चिडली नाहीस. निधीपण म्हणाली, आई बिल्कुल ठीक आहेत. आता शिफ्टिंगचं नाव नाही काढणार मी, तू तिथेच राहा. घर तुझंच आहे." मग म्हणाला, "पण हा कुठला नंबर आहे? इथे नुसता सात दिसतोय." आणि फोन कट झाला. नंतर त्या फोनवरून कुठेच कॉल लागला नाही.

तो रविवार येऊन गेला. अंशुमनची गाडी पार्किंगमध्ये लागली तेव्हा मी तिथेच होते. माझ्या अंगावरून गेला, हातात मिठाईचा डबा होता. मी हाका मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या. त्याने वळून पाहिलं नाही. वरून हसण्याचे आवाज आले. ती चांगला चहा करत असावी.

एक गोष्ट तेवढी कळली. वरून लाल फुली आली की एक जागा पुढे सरकता येतं. गेट, पार्किंग, लॉबी, लिफ्ट. माझ्या फोनवर आता दुसरं काही दिसत नाही, फक्त माझी संख्या आणि तिची फुली. ७३९३९ झालंय. मी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, गेलेल्या दिव्याखाली पायरीवर बसलेय. वर माझं घर आहे. माझ्या फोडणीचा वास येतोय, आणि तिने मोहरी करपवलेली नाही.

मला एक हवा आहे. एक आला की वाट दारापर्यंत जाते. शेवटच्या तीनला ती टिक करेल, केलीच पाहिजे. माझं सगळं घेतलंय तिने, ती खोडही घेतली असेल. देवाला मी पुन्हा मागितलं, ह्या वेळी भीड न बाळगता. एक येऊ दे.

आत्ताच फोन थरथरला.

सात.

७३९३९७. ह्याच्या पुढे काही नाही, हे मी टेबलाशी बसून स्वतः काढलं होतं. एक नि सात लावले तर तीनने भाग जातो. उरले तीन आणि नऊ. तेही मी भागून पाहिले होते, पण तेव्हा मला झोप नव्हती, डोळे दुखत होते, कुठेतरी हातचा राहिला असेल. आयुष्यात पहिल्यांदा माझं उत्तर चुकलेलं असू दे. मी भिंतीवर नखाने पहिल्यापासून भागायला घेतलंय.